भरून गेली, भरूनच आली

आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांची पाण्याची बाटली संध्याकाळी दप्तरातून निघते तेव्हा ती सकाळी भरली होती तेवढीच जड असते. झाकण उघडून पाहावं लागत नाही, हातात घेतली की कळतं. ही घरोघरची रड असावी, कारण पालकांच्या गटात एक संदेश ठरावीक दिवसांनी फिरून येतोच: ‘तहान लागली म्हणजे समजा उशीर झाला! मुलांना दर अर्ध्या तासाला पाणी पाजा.’ परवा तो बहुधा सहाव्यांदा आला आणि मला राहवेना.

तहान ही उशिरा वाजणारी घंटा आहे, हे मान्य करण्याआधी ती वाजते कशी ते पाहू. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी 1918 साली मांडलं होतं की तोंड-घसा कोरडा पडणं म्हणजेच तहान. आपल्यालाही तसंच वाटतं. पण नुसती चूळ भरून तहान भागत नाही, थोडा वेळ दबते इतकंच. 1947 मध्ये अर्नेस्ट व्हर्नी यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की रक्तातली क्षारांची संहती मोजणारी यंत्रणा मेंदूतच आहे. मग 1950च्या दशकात स्वीडनमध्ये बेंग्ट अँडरसन यांनी शेळ्यांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात खारट द्रावणाचा अगदी बारीकसा थेंब सोडला. पोटात पाणी असलेल्या त्या शेळ्या लगेच पाण्यावर तुटून पडल्या.

हे मोजमाप होतं कसं? शाळेतलं परासरण आठवा. मनुका पाण्यात टाकली की फुगते, मिठाच्या पाण्यात फुगलेली मनुका आक्रसते. मेंदूतल्या काही खास चेतापेशी याच मनुकेचा खेळ खेळतात. एरवी रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये कडक पहारा असतो, पण या पेशी जिथे बसतात तिथे तो सैल असतो, त्यामुळे रक्ताचा खारटपणा त्यांना थेट भिडतो. घाम आणि श्वासावाटे पाणी गेलं, रक्त जरा खारट झालं, की पेशीतलं पाणी बाहेर पडतं आणि पेशी आक्रसते. तिच्या पटलावरची काही द्वारं या आक्रसण्यानेच उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि पेशी संदेश सोडू लागते. आक्रसणं हेच मोजमाप! वेगळा मीटर नाही की काटा नाही.

संहती 1 ते 2 टक्के वाढली तरी या पेशींना कळतं. आठ वर्षांचं मूल 25 किलोचं धरा. त्याच्या शरीरात साधारण 15 लिटर पाणी. त्यातले 2 टक्के म्हणजे 300 मिलिलिटर, एक मोठा पेला. एवढं गेलं की तहान लागते. याला उशीर म्हणायचं असेल तर मग वेळेवर म्हणजे कधी?

शिवाय तहान लागण्याच्या थोडं आधीच दुसरी यंत्रणा कामाला लागलेली असते, आणि माझा जीव खरा तिच्यावर आहे. त्याच पेशींच्या इशाऱ्यावरून पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ही साखळी मूत्रपिंडात पोचते. तिथल्या संग्राहक नलिकांच्या पेशींमध्ये ॲक्वापोरिन-2 ही प्रथिनं छोट्या पिशव्यांत घडी घालून ठेवल्यासारखी पडलेली असतात. व्हॅसोप्रेसिन पेशीच्या बाहेरच्या ग्राहीवर बसलं की आत सायक्लिक एएमपी या निरोप्या रेणूचं प्रमाण वाढतं, पिशव्या सरकत सरकत नलिकेकडच्या पटलाला जाऊन चिकटतात आणि पटलावर पाण्याचे दरवाजे तयार होतात. ॲक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना 2003चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या कुळातल्या एका दरवाजातून सेकंदाला तीन अब्जांच्या घरात पाण्याचे रेणू जातात, तेही एकामागून एक रांगेत. आणि एवढ्या गर्दीत हायड्रोजनचा एक साधा आयन मात्र आत घुसू शकत नाही! मूत्रपिंडाचा गाभा रक्तापेक्षा कितीतरी खारट असतो. दरवाजे उघडले की नलिकेतलं पाणी तिकडे ओढलं जातं आणि रक्तात परत येतं. अशा तऱ्हेने मूत्राची संहती गरजेप्रमाणे किलोमागे 50 मिलिऑस्मोलपासून (हे विरघळलेल्या कणांचं माप) 1200पर्यंत फिरवता येते.

हे सगळं सांगितलं ते एका पिवळ्या रंगासाठी. मूत्राला रंग देणारं द्रव्य रोज होतंच. पाणी राखून ठेवलं की तेच द्रव्य थोड्या पाण्यात येतं आणि रंग गडद दिसतो. मूत्राची संहती 800च्या वर गेली की मूल ‘पाण्याविना’ आहे अशी नोंद काही पाहण्यांमध्ये होते आणि मथळे भीतीदायक होतात. पण मूत्र गडद असताना रक्त अगदी ठाकठीक असू शकतं. मूत्रपिंड काटकसर करतंय, एवढाच त्याचा अर्थ. दिवसभर गडदच राहिलं तर मात्र पाणी वाढवावं, कारण काटकसरीलाही मर्यादा असते. आणि या भीतीवर अल्कधर्मी पाणी विकणाऱ्यांबद्दल काय बोलावं? जठरातल्या आम्लात उतरल्यावर त्या पाण्याचा अल्कधर्मीपणा घडीभरही टिकत नाही.

मग तहान इतकी हुशार असूनही बाटली भरलेली का येते? एक धागा उंदरांवरच्या अलीकडच्या प्रयोगांत सापडतो. उंदराने पाणी प्यायला सुरुवात केली की तहानेच्या चेतापेशी मिनिटाभरात शांत होतात. पाणी रक्तात मिसळून फरक पडायला दहा-वीस मिनिटं लागतात, पण मेंदू तोंडातल्या घोटांवरून अंदाज बांधून मोकळा होतो. खारट पाणी पाजलं तरी पेशी आधी शांत होतात. मग आतड्याकडून खरी खबर येते आणि त्या पुन्हा जाग्या होतात. माणसाच्या मुलाचं असंच होत असेल तर मधल्या सुट्टीतले दोन घोट तहान तात्पुरती मिटवतात. ती पुन्हा डोकं वर काढते तेव्हा गणिताचा तास चालू असतो.

खेळाच्या बाबतीत तर मीही माझं म्हणणं थोडं मागे घेतो. मुलांच्या व्यायामाचे अभ्यासक ओडेड बार-ऑर यांनी उष्ण हवेत व्यायाम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. समोर हवं तेवढं पाणी असूनही मुलं गेलेल्या घामाइतकं पीत नाहीत, असं दिसलं. उन्हात तासभर धावणाऱ्या मुलाला हाक मारून पाणी द्यावं, तिथे तहानेवर विसंबू नये. रंगीत गोड पेयांची मात्र त्यासाठी गरज नाही.

एरवी किती लागतं? युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 4 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला 1.6 लिटर सुचवलंय, आणि त्यात जेवणातलं पाणीही धरलंय. शाळेच्या वेळेत चार-पाचशे मिलिलिटर पोटात गेलं तर पुष्कळ झालं.

पण ते गेलं की बाहेरही यायला हवं ना! मुलांच्या मूत्राशयाचा अंदाज डॉक्टर एका सोप्या सूत्राने बांधतात: वयात एक मिळवा आणि 30ने गुणा. आठ वर्षांच्या मुलासाठी 270 मिलिलिटर. पाणी न पिणाऱ्या मुलाचं मूत्राशय शाळा सुटेपर्यंत कसंबसं निभावतं, पिणाऱ्याचं तीन-चार तासांत भरतं. स्वच्छतागृह घाण असेल, किंवा तासाला जायची परवानगी मिळत नसेल, तर मूल हे गणित स्वतःच सोडवतं आणि पिणंच बंद करतं. सतत रोखून धरलं की ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना आवळून राहायची सवय लागते, मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, जंतुसंसर्गाला वाव मिळतो. त्यात बद्धकोष्ठ झालं तर भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. अशा मुलांना डॉक्टर पाण्यासोबतच दर दोन-तीन तासांनी लघवीला जायला सांगतात.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मला मुलालाच विचारायचं सुचलं. ‘‘दाराला आतून कडी नाहीये,’’ तो म्हणाला, ‘‘मित्र बाहेर धरून उभा राहतो, पण मध्येच सोडतो.’’

शाळेला कळवलं, कडी बसली. काल बाटली अर्धी आली. उरलेलं अर्धं प्यायला की त्याच मित्राच्या मानेवर ओतलं, हे त्याच्या मूत्रपिंडांनाच ठाऊक.