सस्टेन्ड रिलीज सस्पेन्शन विकसित करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी : चाचण्या सुरू झाल्यावर गोडवा बदलू नये

गोळी गिळता न येणाऱ्या वृद्ध रुग्णांसाठी दिवसातून एकदा किंवा दोनदा देता येईल असे सस्टेन्ड रिलीज सस्पेन्शन, म्हणजे बारीक कण असलेले व औषध सावकाश सोडणारे द्रवरूप औषध विकसित करून द्यावे, अशी मागणी घेऊन अनेक औषध-व्यावसायिक चिंचोळी एमआयडीसीतील आमच्या प्रयोगशाळेत येतात. एसआर (सस्टेन्ड रिलीज) गोळी कुटून सिरपमध्ये घालता येत नाही, हे आपण जाणताच.

क्षारधर्मी (बेसिक) औषध असेल तर आम्ही ते कॅटायन-एक्स्चेंज रेझिनच्या, म्हणजे धनभारित आयनांची अदलाबदल करणाऱ्या न विरघळणाऱ्या पदार्थाच्या, बारीक कणांवर बांधतो आणि त्या कणांवर इथाइल सेल्युलोजचा पातळ थर चढवतो. जठर व आतड्यातील हायड्रोजन, सोडियम, पोटॅशियम यांचे आयन कणात शिरून औषधाची जागा घेतात आणि औषध सावकाश बाहेर येते. हेच आयन बाटलीतल्या द्रवात असतील, तर ही अदलाबदल बाटलीतच सुरू होते.

नेमकी येथेच वारंवार अडचण येते. चाचण्या निम्म्यावर आल्यावर ग्राहकाच्या विक्री विभागाकडून निरोप येतो, की वृद्धांमध्ये मधुमेही पुष्कळ असल्याने साखर काढून सॅकरिन सोडियम घालावे. कोणी स्वस्त पडते म्हणून सोडियम बेंझोएट हे प्रिझर्व्हेटिव्ह सुचवतो, तर कोणी फ्लेवर उठून दिसावा म्हणून सोडियम सायट्रेट. हेतू रास्त असला तरी या तिन्हींतून सोडियम येते, कणांवरचे काही औषध द्रवात उतरते, दाबलेला कडूपणा परत जाणवू लागतो आणि तेवढा भाग साध्या सिरपसारखा लगेच शोषला जातो. बाटलीतील एकूण औषध तेवढेच राहत असल्यामुळे नेहमीच्या ‘असे’मध्ये (एकूण औषध मोजण्याच्या चाचणीत) हा दोष दिसत नाही. म्हणून आम्ही द्रव गाळून त्यातील सुटे औषध वेगळे मोजतो.

असा बदल झाला की डिसोल्यूशनच्या (औषध किती वेगाने बाहेर येते ते पाहण्याच्या) चाचण्या आणि ४० अंश सेल्सिअस व ७५ टक्के आर्द्रतेवरील ६ महिन्यांची स्टॅबिलिटी (औषध टिकते का याची) चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. त्याचे शुल्क आम्ही वेगळे लावतो, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. परंतु जुन्या फॉर्म्युल्याचे आकडे नव्या बाटलीला चिकटवणे आम्हांला मान्य नाही. साखर नकोच असेल तर सुक्रालोज आणि प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून साधे मिथिल व प्रोपिल पॅराबेन (त्यांचे सोडियम क्षार नव्हेत) आम्ही सुचवतो. सॉर्बिटॉल चालते, पण त्याचे प्रमाण वाढल्यास वृद्धांना जुलाब होतात.

डोस फार मोठा असेल किंवा औषधाचे आयनीभवन होत नसेल, तर रेझिनचा मार्ग उपयोगी पडत नाही, आणि ते आम्ही काम घेण्यापूर्वीच सांगतो. तसेच औषध कितीही जुने असले तरी त्याचे सस्टेन्ड रिलीज रूप २०१९च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार नवीन औषधच मानले जाते. त्यामुळे केंद्रीय परवानगीचा काळ आपल्या वेळापत्रकात आधीच धरावा.

पहिल्या भेटीस येताना औषधाचा क्षार (सॉल्ट), डोस, गोडवा, फ्लेवर, प्रिझर्व्हेटिव्ह आणि बाटलीचा आकार आपल्या विक्री विभागाशी ठरवून लेखी आणावा. या पहिल्या सल्ल्याचे शुल्क आम्ही घेत नाही.