दहा गुंठ्यांच्या आधी पवनार

वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी पवनारला विनोबा १९३८ साली आले ते पार खंगलेल्या प्रकृतीने. तिथे रोज थोडं थोडं खणायला लागले. आधी काही मिनिटं, मग हळूहळू जास्त. अंगात ताकद आली. असंच खणताना जमिनीतून भरत-रामाच्या भेटीचं शिल्प निघालं. ते आजही आश्रमात आहे.

१९५० साली तिथेच कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला. पैशाला हात न लावता स्वतःच्या श्रमावर जगायचं. शेतीही बैलांशिवाय, निव्वळ कुदळ-फावड्याची. बैलांची ती ऋषभशेती आणि हातांची ती ऋषिशेती, ही नावं विनोबांचीच. विहिरीवरचा रहाट माणसं फिरवायची, तोंडाने गीताई चालू असायची.

याला कुणी आश्रमातली तपश्चर्या म्हणेल. मला मात्र त्यात भूमिहीन मजुराचा हिशेब दिसतो. बैलजोडी घ्यायची तर पैसा हवा, गोठा हवा, वर्षभराची वैरण हवी. त्याच्याकडे आहेत ते दोन हात. त्या हातांवर शेती उभी राहत असेल, तर त्याला जमिनीच्या तुकड्याशिवाय दुसरं काही मागावं लागत नाही.

आणि अडलं ते नेमकं तिथेच. मार्च १९५१ मध्ये विनोबा सर्वोदय संमेलनासाठी पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले. पुढे १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली आणि गावातल्याच रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. भूदान सुरू झालं ते असं. देशभरातून लाखो एकरांचे आकडे जमले, पण त्यातली बरीचशी जमीन खडकाळ, पडीक किंवा वादातली निघाली. पाणी नाही, माती नाही, अशा माळावर कुदळ आपटून हात तेवढे सोलून निघतात.

मातीचा हा प्रश्न पुढे श्री. अ. दाभोलकरांनी हाती घेतला. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ते गणित शिकवत. एका पानावर किती ऊन पडतं आणि त्यातून किती अन्न तयार होतं, इथून त्यांचा हिशेब सुरू व्हायचा. पालापाचोळा कुजवून माती घरीच करायची, जमीन कधी उघडी ठेवायची नाही, झाडाशी रोज बोलावं इतकं त्याच्याकडे बघायचं. एवढं केलं तर १० गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, पाच माणसांचं घर चालतं, असं ते ठामपणे सांगत. त्यांच्या प्रयोग परिवारातले शेतकरी आपापले अनुभव एकमेकांना पत्रांनी कळवत. तासगाव भागातल्या द्राक्षबागाईतदारांनी हीच निरीक्षणाची सवय उचलली.

महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ वर आली. भावाभावांत वाटण्या होऊन सातबाऱ्यावर एकरांऐवजी गुंठेच उरलेली घरं आता गावोगाव आहेत. ट्रॅक्टर वळवायलाही जागा नाही, अशा तुकड्यात आजही घरातली बाईच खुरपं घेऊन बसलेली असते.