बागेत आमची पोरं काम करताना आम्ही काय काय बघतो

नमस्कार, पुण्यात आणि आसपास आम्ही बंगल्याच्या, सोसायटीच्या आणि टेरेसवरच्या बागा करतो. काम ठरलं की बहुतेकजण पहिलं हेच विचारतात की पोरांवर लक्ष कोण ठेवणार? प्रत्येक साइटवर आमचा मुकादम दिवसभर असतो, आणि त्याला एकच पक्कं सांगितलंय, जे मातीखाली जाणार ते झाकायच्या आधी बघायचं, कारण बागेतलं चुकीचं काम त्या दिवशी दिसतच नाही, सहा महिन्यांनी झाड पिवळं पडल्यावर कळतं.

आता रोपाची काळी पिशवीच घ्या. घाईत ती नुसती खालून चिरून रोप खड्ड्यात बसवलं की वरून एकदम झकास दिसतं, पण मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात आणि झाड जोर धरत नाही. म्हणून पिशवी पूर्ण काढायची, हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटू द्यायची नाही, बुंधा मातीत गाडायचा नाही, आणि संध्याकाळी मुकादम रिकाम्या पिशव्या मोजतो. जेवढी रोपं तेवढ्या पिशव्या निघाल्या पाहिजेत, एक कमी आली तरी शोधायची, वेळप्रसंगी रोप उकरून बघायचं.

टेरेसला तर जास्तच जपावं लागतं. एक घनफूट ओली माती साधारण 45 ते 50 किलो भरते, त्यामुळे इंजिनिअरने स्लॅब बघितल्याशिवाय आम्ही मातीची एक गोणीसुद्धा वर चढवत नाही. आधी वॉटरप्रूफिंगवर पाणी साठवून गळती तपासायची, मग ड्रेन सेल (पाणी खालून वाहून जावं म्हणून मातीखाली घालायच्या प्लास्टिकच्या जाळ्या) आणि त्यावर कापड, आणि प्रत्येक थराचा फोटो तुम्हाला व्हॉट्सॲपवर येतो. नाही आला तर हक्काने मागा! टेरेसवर टिकाव चालवायला पूर्ण बंदी आहे.

सेफ्टीचं म्हणाल तर ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचं मशीन, चालू असताना 15 मीटरच्या आत कुणी नको, गवतात दडलेला खडा गोळीसारखा उडतो आणि कारची काचही फुटते, तेव्हा लहान मुलं आणि कुत्री तेवढा वेळ घरात ठेवा. कटरवाल्याला गॉगल आणि बूट सक्तीचे. फवारणी सकाळी, वारा पडलेला असताना, मास्क आणि हातमोजे घालूनच, आणि डब्यावर लाल त्रिकोण असलेलं, म्हणजे सगळ्यात विषारी, औषध आम्ही घरच्या बागेत वापरत नाही. 2017 साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले, ते आम्ही विसरलेलो नाही. एप्रिल-मे महिन्यात दुपारी 12 ते साडेतीन काम बंद असतं, तेव्हा पोरं झाडाखाली आडवी दिसली तर कृपया रागावू नका, ती सुट्टी आम्हीच दिलीय.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. गॅसची पाइपलाइन, लाइटची केबल, बोअरची वायर कुठून गेलीय ते खड्डे घ्यायच्या आधी सांगा, नक्की माहीत नसेल तर तसंही सांगा, मग त्या भागात आम्ही हाताने हळूहळू उकरतो. आणि पोरांना परस्पर कामं सांगू नका, म्हणजे "जरा चढून नारळ उतरव रे" वगैरे. त्याला नाही म्हणता येत नाही, आणि वर चढतो तो सेफ्टी पट्ट्याशिवाय. मोठं झाड तोडायचं असेल तर महापालिकेची परवानगी लागते, ती हातात आल्यावरच आम्ही करवत लावतो.

काम झाल्यावर मुकादमासोबत एक फेरी मारा, नळ सोडून पाणी कुठे साचतंय ते बघा, मगच शेवटचा चेक द्या.