गांधीनगरचा बस्ता आणि ब्रॅडफर्डची गिरणी

लग्न ठरलं की कोल्हापूर जिल्ह्यातली निम्मी घरं बस्ता बांधायला गांधीनगर गाठतात. सांगलीहून, बेळगावाहून, खाली कोकणातूनही गाड्या भरून माणसं येतात. साड्यांचा ढीग उलगडत असतानाच दुकानदार तोंडी हिशेब करून मोकळा होतो, आणि परतीच्या वाटेवर गाडीत कुणीतरी हमखास म्हणतं, "सिंध्याच्या रक्तातच धंदा असतोय बघ." बाकीचे माना डोलावतात. त्यानंतरचं वाक्य आपल्याच माणसांविषयी असतं, आणि ते फारसं कौतुकाचं नसतं.

दोन समाजांच्या सुखदुःखाची तुलना आपण इतक्या चटकन उरकतो. अभ्यासक हीच तुलना करायला बसतात तेव्हा रक्त सोडून बाकीच्या गोष्टी तपासण्यातच त्यांची वर्षं जातात. स्थलांतर करून आलं कोण, मागे राहिलं कोण, येताना हाताशी काय होतं, उतरले कुठल्या गावात, त्या गावात तेव्हा काय चाललं होतं, आणि आज आपण मोजतोय ते नेमकं काय? या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत "हा समाज पुढे, तो मागे" हे विधान अर्धवटच राहतं.

गांधीनगरपासूनच सुरुवात करू, कारण या जागेने एक सोडून दोन निर्वासित समाज पाहिले आहेत. 1943 ते 1948 या काळात इथे, म्हणजे वळिवड्याला, सुमारे 5000 पोलिश लोकांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सैन्याने 1939 मध्ये पोलंडचा पूर्व भाग घेतला आणि पुढच्या दोन वर्षांत तिथल्या लाखो माणसांना सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. तिथून सुटून, इराणमार्गे, त्यांतले काही थेट करवीर संस्थानात येऊन पोचले. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं राहायला आली, आणि छावणीचं गांधीनगर झालं.

आता "रक्तातला धंदा" जरा बारकाईने पाहू. फाळणीपूर्व सिंधमध्ये हिंदू अल्पसंख्य होते, पण कराची, हैदराबाद, शिकारपूर अशा शहरांत त्यांची वस्ती दाट होती. व्यापार, सावकारी आणि सरकारी कारकुनी या त्यांच्या मुख्य वाटा. हैदराबादच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या तर एकोणिसाव्या शतकातच समुद्रापार पोचल्या होत्या. फाळणीत घर गेलं, माल गेला, येणी बुडाली. पण खतावणी लिहिण्याची सवय, उधारीवर माल फिरवण्याची रीत, दूरच्या शहरातल्या नातेवाइकाच्या शब्दावर गाठोडं उचलण्याची पत, या गोष्टी सीमेवरच्या झडतीत सापडत नाहीत.

म्हणजे आले ते सिंधमधले सरसकट सगळे लोक नव्हते. आधीच एक चाळण लागली होती. संख्याशास्त्रात याला निवडीचा परिणाम म्हणतात. चाळणीतून आलेल्या गटाची तुलना आपण न चाळलेल्या गटाशी, म्हणजे जिल्ह्यातल्या तमाम शेतकरी, मजूर, नोकरदारांशी करतो आणि निष्कर्ष काढतो रक्ताचा. तुलना करायचीच तर गांधीनगरच्या कापड व्यापाऱ्याची मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्याशी करावी. त्या दोघांच्या तोंडी हिशेबात फारसा फरक निघेल असं मला वाटत नाही.

पण चाळण लागलीच नाही, सगळा समाज जसाच्या तसा उचलून दुसरीकडे ठेवला, तर? असा प्रयोग मुद्दाम कुणी करणार नाही. इतिहासाने तो केला, आणि योगायोग असा की ज्यांच्यावर केला ते वळिवड्याच्या पोलिश लोकांचेच गाववाले. पोलंडच्या या पूर्व पट्ट्याला क्रेसी म्हणतात. युद्ध संपल्यावर तो कायमचा सोव्हिएत संघात गेला आणि तिथल्या पोलिश लोकांना घरदार सोडून पश्चिमेकडे यावं लागलं. श्रीमंत, गरीब, शिकलेले, अडाणी, बहुतेक सगळेच. या लोकांच्या वंशजांची तुलना अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने इतर पोलिश लोकांशी केली. तो अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे पूर्वज क्रेसीहून आले त्यांचं शिक्षण आज सरासरी सुमारे 1 वर्षाने जास्त आहे. युद्धाआधी क्रेसीचे लोक शिक्षणात पुढे होते म्हणावं, तर तसंही नव्हतं. भाषा तीच, धर्म तोच, देश तोच. संशोधकांचं स्पष्टीकरण असं, की ज्यांची जमीन आणि घर एकदा हिसकावून घेतलं गेलं त्यांनी पुढच्या पिढीसाठी वस्तूंपेक्षा शिक्षणावर खर्च केला, कारण ते कुणाला जप्त करता येत नाही.

मला हा अभ्यास फार आवडतो. उखडलं जाणं हा अनुभवच माणसाची गुंतवणूक बदलतो, असं तो सांगतो, आणि तेही जातकुळीचा मुद्दा जवळजवळ पूर्णपणे वगळून. अर्थात निर्वासित होणं फायद्याचं आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. मेलेल्यांची मुलं सर्वेक्षणात येत नाहीत.

चाळण समजली, उखडण्याचा परिणाम समजला. आता उरतं उतरण्याचं ठिकाण आणि मोजपट्टी. या दोन्हींसाठी ब्रिटनसारखं उदाहरण नाही. तिथे जनगणनेत वांशिक गट विचारला जातो आणि आकडे सगळ्यांना खुले असतात. ब्रिटनमधले पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाचे लोक घेऊ. 1971 पर्यंत दोघांचा देश एक. धर्म एक. दोन्ही समाजांतले बहुतेक जण खेड्यातून आलेले, फारसे न शिकलेले.

पाकिस्तानी वंशाच्या लोकांत मोठा भरणा मीरपूर भागाचा. त्यामागची गोष्ट आपल्या धरणग्रस्तांना लगेच कळेल. झेलम नदीवर 1961 ते 1967 या काळात मंगला धरण बांधलं गेलं आणि 1 लाखाहून अधिक लोक विस्थापित झाले. मीरपूरचे काही लोक आधीपासून विलायतेत होतेच. धरणाने घरं बुडाल्यावर भरपाईचे पैसे घेऊन आणखी बरेच त्यांच्यामागे गेले. ते उतरले उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड आणि आसपासच्या गिरणगावांत. लोकर आणि सुताच्या गिरण्यांना रात्रपाळीला माणसं हवी होती आणि स्थानिक गोरे त्या पाळीला यायला तयार नव्हते. बांगलादेशी आले मुख्यतः सिल्हेटहून. त्यांच्या आधीच्या पिढ्या ब्रिटिश बोटींवर खलाशी होत्या, बॉयलरमध्ये कोळसा ओढणाऱ्या. बोट लंडनच्या गोदीला लागे, म्हणून वस्तीही गोदीजवळ, शहराच्या पूर्व भागात झाली. विलायतेत ज्याला "इंडियन रेस्टॉरंट" म्हणतात, त्यातली बहुतेक या सिल्हेटी लोकांनी उभी केली. आपल्या नावाचा धंदा शेजाऱ्यांनी केला, आणि चांगला केला!

2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पाकिस्तानी वंशाचे सुमारे 15.9 लाख आणि बांगलादेशी वंशाचे सुमारे 6.4 लाख लोक होते. बांगलादेशींपैकी जवळपास निम्मे एकट्या लंडनमध्ये. पाकिस्तानींपैकी लंडनमध्ये पाचवा हिस्साही नाही.

मग जास्त बरं कोणाचं चाललंय? पगार बघू. 2018 मध्ये पाकिस्तानी वंशाच्या नोकरदारांचं ताशी मध्यक वेतन 10 पौंड होतं आणि बांगलादेशींचं 9.60 पौंड. मध्यक म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळतं तो आकडा. सरासरीपेक्षा तो भरवशाचा, कारण चार कोट्यधीशांनी तो फुगत नाही. गोऱ्या ब्रिटिशांचं वेतन तेव्हा 12.03 पौंड होतं आणि भारतीय वंशाच्या लोकांचं 13.47. हा शेवटचा आकडा वाचून छाती फुगवण्याआधी चाळण आठवावी: त्यांत युगांडातून इदी अमीनने 1972 मध्ये 90 दिवसांची मुदत देऊन हाकललेले, इंग्रजी येणारे व्यापारी आणि कारकून आहेत, आणि नंतर व्हिसा घेऊन गेलेले डॉक्टर आणि इंजिनिअरही.

पगाराच्या मोजपट्टीवर आपले दोन समाज जवळजवळ बरोबरीत. आता घर बघू. 2016 ते 2018 च्या आकड्यांनुसार पाकिस्तानी कुटुंबांपैकी 58 टक्के स्वतःच्या घरात राहत होती, बांगलादेशींपैकी फक्त 46 टक्के. फरक मोठा आहे, पण त्यात काटकसरीचा वाटा शोधण्याआधी घरांचे भाव पाहायला हवेत. उत्तरेतल्या गिरणगावांत गिरण्या बंद पडत गेल्या तसे भाव पडलेले राहिले, आणि चार भावांनी पैसे जमवले की चाळीवजा घर विकत घेता येत होतं. लंडनमध्ये तेवढ्या पैशांत काही येत नव्हतं, म्हणून नगरपालिकेच्या भाड्याच्या घराची वाट धरावी लागली. शाहू मिलचा भोंगा थांबल्यावर कामगारांच्या घरांचं काय झालं हे पाहिलेल्या कोल्हापूरकराला यातली दुसरी बाजूही कळेल. गिरणगावातलं स्वतःचं घर म्हणजे डोक्यावर छप्पर असतं, पण तेच माणसाला रोजगार नसलेल्या गावात अडकवूनही ठेवतं. घरमालकीला सरळ सुबत्ता म्हणणं मला पटत नाही ते म्हणून.

तिसरी मोजपट्टी शाळेची, आणि इथे क्रमच पालटतो. सोळाव्या वर्षी द्यायच्या परीक्षेत बांगलादेशी मुलं पाकिस्तानी मुलांच्या पुढे आहेत, गोऱ्या ब्रिटिश मुलांच्याही पुढे आहेत. पूर्व लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्स या भागात आज तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वस्ती बांगलादेशी आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या शाळा इंग्लंडच्या यादीत अगदी तळाला होत्या. पुढच्या दीड दशकात त्या राष्ट्रीय सरासरीच्या वर गेल्या. एकूण लंडनच्या शाळाच या काळात सुधारल्या, आणि कारणांवरून अभ्यासकांत जुंपली. शिक्षणाला मिळालेला पैसा, प्राथमिक शाळांतलं बदललेलं शिकवणं आणि चांगले शिक्षक यांचं ते श्रेय, असं काहींचं म्हणणं. ब्रिस्टल विद्यापीठातल्या सायमन बर्जेस यांनी 2014 मध्ये उलट बाजूने मांडणी केली: लंडनमध्ये स्थलांतरितांची शिकायला आसुसलेली मुलं जास्त आहेत, म्हणून लंडनच्या शाळा चांगल्या दिसतात. शाळेने मुलं घडवली की मुलांनी शाळा, हा प्रश्न आकड्यांतून सोडवणं किती अवघड असतं हे यावरून दिसावं.

कोल्हापुरात बसून मी शाळेच्या बाजूला थोडा झुकतो, हे खरं. ज्या गावात शाहू महाराजांनी 1901 पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली आणि 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं, तिथल्या माणसाला "मुलांत मुळातच आच होती" हे स्पष्टीकरण अपुरं वाटणारच. आच होतीच, राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण मिळेपर्यंत तिचं काही होत नव्हतं.

बरं, बांगलादेशी मुलं शाळेत पुढे आहेत म्हणून त्यांचं बालपण सुखाचं आहे का? ब्रिटनमध्ये गरिबीत वाढणाऱ्या मुलांचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या गटांत बांगलादेशी आणि पाकिस्तानी दोन्ही येतात. कुटुंबं मोठी, कमावते हात कमी (दोन्ही समाजांत नोकरी करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण बरंच खाली आहे), आणि लंडनचं भाडं. ताशी पगाराच्या तक्त्यात यातलं काहीच दिसत नाही, कारण जी बाई नोकरीतच नाही तिची नोंद त्या तक्त्यात होत नाही.

शाळेतलं यश पुढे पगारात का उतरत नाही, असा प्रश्न ब्रिटनच्या सोशल मोबिलिटी कमिशनने, म्हणजे गरिबाघरची मुलं किती वर चढतात यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, 2016 मध्ये याच दोन समाजांबाबत विचारला होता. शिक्षण, अनुभव, गाव, वय यांचे फरक वजा करूनही वेतनात काही तफावत उरतेच. या उरलेल्या तफावतीचं कारण तक्त्यांतून सिद्ध करता येत नाही. न मोजलेलं काहीतरी राहिलं असेल, असं कुणीही म्हणू शकतो. त्यासाठी प्रयोग करावा लागतो. ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजमधल्या संशोधकांनी तो केला आणि 2019 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांनी खऱ्या जाहिरातींना सुमारे 3200 बनावट अर्ज पाठवले. पात्रता आणि अनुभव सारखाच ठेवला, अर्जदाराचा वंश तेवढा बदलला. गोऱ्या ब्रिटिश नावाला जेवढे होकार मिळाले तेवढे मिळवायला अल्पसंख्य नावांना सरासरी 60 टक्के जास्त अर्ज करावे लागले, पाकिस्तानी नावांना 70 टक्के.

असा प्रयोग आपल्याकडेही झालेला आहे. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी तो 2007 मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय वर्तमानपत्रांतल्या 548 जाहिरातींना त्यांनी 4808 अर्ज पाठवले, कागदोपत्री सारखेच, फक्त नावं सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम. सवर्ण नावाच्या तुलनेत पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. जाहिराती होत्या खासगी कंपन्यांच्या, पदं पदवीधरांसाठीची, आणि त्या अर्जांमागचे उमेदवार कागदापलीकडे अस्तित्वातच नव्हते.