सपाट चित्रात खोली आणणारा भागाकार

व्हेक्टर चित्र (ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकारांच्या आकड्यांनी साठवलेलं) तिरकं करणं, ताणणं, फिरवणं सोपं आहे. पण फरशी दूरवर गेलेली दाखवायची तर एवढ्याने भागत नाही. एसव्हीजी या व्हेक्टर फाइल-प्रकारात आकार हलवणाऱ्या सूत्रात, म्हणजे ट्रान्सफॉर्ममध्ये, सहाच आकडे असतात, आणि त्यांत समांतर रेषा समांतरच राहतात. त्या क्षितिजाकडे जुळत जायच्या तर आठ आकडे लागतात, शिवाय एक भागाकार.

१०० बाय १०० चा चौरस घ्या. प्रत्येक बिंदूचं डाव्या कडेपासूनचं अंतर आणि तळापासूनची उंची, दोन्हींना (१ + उंची ÷ १००) ने भागा. तळाची बाजू १०० च राहते. वरची बाजू ५० लांबीची होऊन ५० उंचीवर येते. मग मधली आडवी रेषा कुठे? २५ वर नव्हे, ३३.३ वर. जवळचा अर्धा भाग दूरच्या अर्ध्याच्या दुप्पट उंची घेतो, म्हणून फरशी लांब पसरलेली वाटते. चित्र नुसतं चौकोनात ताणून बसवणाऱ्या एन्व्हलप पद्धतीत ही रेषा २५ वरच राहते आणि फरशी समलंब कापलेल्या कागदासारखी दिसते. ताळा करायला नव्या चौकोनाचे कर्ण काढा. ते छेदतात तिथेच चौरसाचा मध्य यायला हवा.

इंकस्केप या व्हेक्टर चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये एक्स्टेन्शनमधलं पर्स्पेक्टिव्ह हे साधन वापरताना आधी अक्षरं, वर्तुळं वगैरे पाथमध्ये, म्हणजे बिंदूंनी जोडलेल्या रेषांमध्ये, बदलावी लागतात. (अक्षरं मग टाइप करून सुधारता येत नाहीत, मूळ प्रत बाजूला ठेवा.) मग नेमक्या चार नोडचा (पाथवरच्या बिंदूंचा) चौकोन खालच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने काढायचा. आधी चित्र, नंतर चौकोन निवडायचा. सुरुवातीचा कोपरा चुकला की चित्र आडवं पडतं. दिशा चुकली की आरशातल्यासारखं उलटतं.

खरी गोची वक्रांची. असं साधन फक्त नोड आणि वक्राचा बाक ठरवणारी हँडल हलवतं. सरळ रेषेला त्याने फरक पडत नाही, पण बेझिए वक्राला (नोड आणि हँडलांनी ठरणाऱ्या वक्राला) हा भागाकार लावला की तो साधा बेझिए उरतच नाही. हाती येतं ते जवळपासचं रूप. चार नोडचं वर्तुळ खूप झुकवलं की लंबवर्तुळ बेढब होतं. झुकवण्याआधीच नोड वाढवून सोळा करा, चूक सहसा डोळ्यांना दिसत नाही.

रेघेची जाडीही आपोआप दूर जाताना बारीक होत नाही. स्ट्रोकचा, म्हणजे त्या रेघेचा, आधी पाथ करावा लागतो. ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात मिसळत जाणारी छटा) तर या भागाकाराला जुमानतच नाही. तो नंतर हाताने बसवा.