स्थानिक पत्रकारांचे प्रशिक्षण व साहाय्य (नागपूर)

छापील वृत्तपत्राचे अर्थकारण ढासळत असताना जिल्हा-तालुक्याच्या बातमीदाराला नवी कौशल्ये आणि कमाईच्या वेगळ्या वाटा मिळाव्यात म्हणून होणारे प्रयत्न. नागपूरची वृत्तपत्रपरंपरा जुनी आहे. ‘द हितवाद’ येथे १९११ मध्ये सुरू झाला, ‘लोकमत’ने १९७१ मध्ये दैनिकाचे रूप येथेच घेतले आणि मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील दैनिके आजही येथून निघतात. विदर्भाला मराठी राज्यात सामील करण्यासाठी १९५३ मध्ये झालेल्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते. तेवढ्यापुरते मुंबईचे पत्रकार येतात. एरवी विदर्भाची बातमी स्थानिकांनीच आणायची असते.

ती आणतो काटोल, रामटेक, उमरेड, भिवापूर अशा गावांतला तालुका प्रतिनिधी. त्याला बहुधा पगार नसतो. किरकोळ मानधन आणि जाहिरातींवरचे कमिशन यांवर त्याचे भागते, म्हणून सोबत शेती, दुकान किंवा शिकवणी असते. दिवाळी, वर्धापनदिन, पुढाऱ्याचा वाढदिवस अशा निमित्तांच्या पुरवण्यांसाठी त्याला जाहिरातींचे टार्गेट मिळते. ज्या ठेकेदाराच्या रस्त्यावर लिहायचे, त्याच्याकडेच शुभेच्छांची जाहिरात मागायला जावे लागते. मोबाइलवर व्हिडिओ कापायला शिकवून ही गाठ सुटत नाही, आणि बहुतेक प्रशिक्षणे नेमका याच प्रश्नाला वळसा घालतात.

तंत्रातला सर्वांत दुर्लक्षित बदल फाँटचा. मराठी दैनिकांच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या मराठी टंकनाच्या संगणक-प्रणाली वापरात होत्या. त्यांच्या जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असे. तोच मजकूर जसाच्या तसा संकेतस्थळावर टाकला की अगम्य चिन्हे उमटत, आणि गूगलवर शोधून तो सापडत नसे. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणक-फोनवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलताना रफार आणि जोडाक्षरे बिघडत, ती हाताने दुरुस्त करावी लागत. आता फोनवर बोलूनही बातमी लिहिता येते. मात्र ती नीट वाचून पाहणारा उपसंपादक हवा.

गूगलने २०१८ मध्ये भारतात पत्रकार-प्रशिक्षणाचे जाळे सुरू केले. वर्षभरात ८,००० पत्रकारांचे उद्दिष्ट होते आणि निवडलेल्या सात भाषांत मराठी होती. भर पडताळणीवर होता : फोटोचा उलटा शोध (फोटो टाकून तो आधी कुठे आला होता ते पाहणे), व्हिडिओची जागा आणि वेळ ओळखणे. याचा उपयोग नाही असे नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडून नागपूरच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी फोनवर येणारा व्हिडिओ आजचा की गेल्या वर्षीचा, हे मिनिटांत ठरवावे लागते.

पण खरी संधी विषयांत आहे. नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्याचे भाव, कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख, उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य परिसरातील वाघ आणि गुराखी, कापूस उत्पादकाचे कर्ज : हे विषय बाहेरच्या माध्यमांनाही हवे असतात. माहितीचा अधिकार वापरता येणारा, शासकीय आकडे वाचता येणारा बातमीदार त्यांवर स्वतंत्रपणे लिहू शकतो. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले ‘पारी’ हे संकेतस्थळ ग्रामीण बातम्या मराठीतही देते. जाहिरातीऐवजी देणग्या आणि अनुदानावर चालण्याची ही वाट आहे, पण ती मोजक्यांनाच पुरते.

वृत्तपत्रांना आर्थिक धक्के मात्र लागोपाठ बसले. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात वृत्तपत्रकागदावर १० टक्के सीमाशुल्क आले (पुढच्या वर्षी ते ५ टक्के झाले). एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारने टाळेबंदीत घरपोच वितरण थांबवले आणि पत्रकार संघटनांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागितली. निर्बंध लवकरच शिथिल झाले. तोवर ई-पेपरची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फुकट वाचण्याची सवय अनेकांना लागली होती.

नोकरी सुटलेल्या काहींनी पोर्टल आणि यूट्यूब वाहिन्या काढल्या. १ मार्च २०२४ पासून लागू झालेला नियतकालिक नोंदणी कायदा छापील प्रकाशनांपुरता आहे. डिजिटल बातम्यांना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू होतात, त्यात तक्रार निवारण अधिकारी नेमणे आले. एकट्याने माइक धरून वाहिनी चालवणाऱ्याला तो अधिकारीही स्वतःच व्हावे लागते.