पाण्याखाली आकसणारी पिशवी : पार्श्वभूमी

पाण्याने काठोकाठ भरलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत एक ड्रॉपर सोडा. तो जेमतेम तरंगेल इतकंच पाणी आधी त्यात ओढून घ्या. झाकण घट्ट लावून बाटली दाबली की ड्रॉपर बुडतो, हात सैल केला की वर येतो. डोळे जवळ नेऊन पाहिलं तर दाबताना ड्रॉपरच्या आतली पाण्याची पातळी किंचित चढते. सगळी गंमत त्या किंचितपणात आहे. इटलीतल्या राफाएल्लो माजिओत्ती यांनी हा प्रयोग १६४८ मध्ये छापून मांडला, पण त्याला नाव चिकटलं ते फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं. माजिओत्तींवर हा अन्यायच झाला.

बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं बल तिला वर ढकलतं, हे आर्किमिडीजने इ.स.पू. तिसऱ्या शतकात सांगितलं होतं. दगडाला एवढं पुरतं. हवेच्या पिशवीचं आकारमान मात्र खोलीबरोबर बदलतं, आणि ते किती बदलतं याचं उत्तर रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये दिलं : तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला की हवा निम्म्या जागेत मावते. पाण्यात दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावर हवेचा जेवढा दाब असतो तेवढ्याने, वाढतो. म्हणजे पृष्ठभागावर १० लिटर हवा असलेली, तोंड बांधलेली सैल पिशवी १० मीटरवर ५ लिटरची आणि ३० मीटरवर अडीच लिटरची होते. उचलणारं बलही तेवढंच घटतं. म्हणून अशी पिशवी अधांतरी टिकत नाही. जरा खाली गेली की आकसते, आकसली की आणखी खाली जाते. माशांच्या वाताशयालाही, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीलाही, हाच नियम लागू आहे.

स्विस शास्त्रज्ञ ऑग्युस्त पिकार यांनी यावर शोधलेला तोडगा मला फार सुंदर वाटतो. खोल समुद्रात उतरणाऱ्या त्यांच्या ‘त्रिएस्ते’ यानाच्या तरंगत्या टाकीत हवेऐवजी पेट्रोल होतं. ते पाण्याहून हलकं असतं आणि हवेच्या मानाने फारच कमी दबतं. टाकी खालून समुद्राला खुली होती. पेट्रोल जेवढं आकसेल तेवढं पाणी आत शिरायचं आणि दोन्हीकडचा दाब सारखा राहायचा, त्यामुळे पातळ पत्राही चालला. २३ जानेवारी १९६० रोजी त्यांचा मुलगा झाक पिकार आणि डॉन वॉल्श याच यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळपास ११ किलोमीटर खोल, पोचले. माणसं बसली होती तो गोळा मात्र जाड पोलादाचा होता.

आता वीज साठवण्यासाठी समुद्रतळाशी किंवा तलावाच्या तळाशी कापडी पिशव्या बांधून त्यांत दाबलेली हवा भरण्याचे प्रयोग झाले आहेत. इथे खोली बदलत नाही, त्यामुळे पिशवी अर्धी असो वा भरलेली, हवेचा दाब जवळजवळ तोच राहतो. वाढतं ते वर ओढणारं बल : दर घनमीटर हवेमागे सुमारे एक टन. आतल्या हवेचा दाब सगळीकडे सारखा असतो, बाहेरच्या पाण्याचा मात्र वर कमी आणि खाली जास्त. ५ मीटर उंच पिशवी खालच्या टोकाला पाण्याशी बरोबरीत असली, तर माथ्याच्या कापडाला अर्ध्या वातावरणाचा फरक झेलावा लागतो. म्हणूनच मजबूत पट्टे माथ्यावरून घेऊन खाली तळाशी बांधतात.